भाताच्या दिवसांत गंजाडला

बुधवार

गंजाडला यायचं तर दिवाळीच्या तोंडावर ये, असं माझी मैत्रीण मला गेली कित्येक वर्षं सांगत होती. ती वारली समाजातली, आश्रमशाळेत शिक्षिका आहे. तिच्या आईचं घर डहाणू तालुक्यात गंजाडजवळच्या एका पाड्यावर आहे. "लवकर येणारं हळवं भात कापून झालेलं असतं, उशिराचं गरवं उभं असतं, आणि तारपा वाजायला लागलेला असतो. त्या आठवड्यात सगळं एकदम दिसतं," ती म्हणायची. तारपा म्हणजे वारल्यांचं भोपळ्याचं फुंकवाद्य. या वर्षी तिला सुट्टी होती, मलाही होती. निघालो.

विरार सुटल्यावर वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर, बोईसर, वाणगाव अशी स्टेशनं घेत लोकल डहाणू रोडला पोचते. 2013 पर्यंत ही लोकल विरारपर्यंतच होती. आता पहाटेच्या गाड्यांत मुंबईकडे कामाला जाणारी माणसं असतात, आणि दुपारच्या परतीच्या गाड्यांत रिकाम्या पाट्या घेतलेल्या भाजीवाल्या. आमच्या डब्यातल्या एका बाईकडे पाटीत थोडे करांदे, रानातले कंद, उरले होते. मैत्रिणीने तिथेच घेऊन टाकले. दिवाळीतल्या वाघबारशीला उकडलेले करांदे लागतात आणि या वर्षी आईला खणायला वेळ झाला नसेल, हे तिला ठाऊक होतं.

स्टेशनच्या पश्चिमेला समुद्र आणि चिकूच्या वाड्या. पूर्वेला निघालं की दहा-पंधरा मिनिटांत वाड्या मागे पडतात आणि भातखाचरं, ताड, मधेच साग, मधेच ऐन दिसायला लागतात. आशागड गेलं, मग गंजाड. डहाणू तालुका 1991 मध्ये पर्यावरणदृष्ट्या नाजूक प्रदेश म्हणून जाहीर झाला, त्यामुळे इथे मोठे कारखाने फार आले नाहीत. वाढवणला बंदर होतंय, द्रुतगती महामार्ग आणि बुलेट ट्रेन याच जिल्ह्यातून जातात. जीपमध्ये दोन माणसं जमिनीच्या मोबदल्याबद्दल बोलत होती, कुणाचे पैसे आले, कुणाचे अडकले. या आठवड्यात भात आणि जमीन सोडून तिसरा विषय मी फारसा ऐकला नाही.

मैत्रिणीच्या आईला मी मावशी म्हणते. मावशीचं घर पाड्याच्या टोकाला आहे. पुढचा भाग विटांचा, मागचा जुना, कारवीच्या कुडाचा आणि शेणामातीने सारवलेला. ओटीवर कोंबड्या, आत अंधार आणि थंडावा. डोळे सरावल्यावर चूल दिसली, भिंतीला टेकवलेली विळ्यांची जोडी दिसली, आणि कोपऱ्यात माणसाच्या छातीइतकी उंच बांबूची कणगी. अजून रिकामी होती. मावशीने तिला आतून-बाहेरून नुकतंच सारवलेलं होतं.

"ये, बस," ती म्हणाली. "पाणी घे. उद्या कापायला येणार ना?"

गुरुवार

उजाडायच्या आत शेतावर. दव इतकं होतं की बांधावरून चालताना गुडघ्यापर्यंत भिजलो. मावशी, काका, मैत्रिणीचा भाऊ, भावजय आणि शेजारच्या दोन घरांतली माणसं. आज ती इथे येणार, उद्या-परवा हे त्यांच्याकडे जाणार. मजुरी रोख द्यायची रीत आता सगळीकडे आली असली तरी या पाड्यावर कापणीला अजून हात हातालाच परत केला जातो.

कापणीचा वेग पाहत राहावा असा. डाव्या हाताने चुडी धरायची, उजव्या हाताने विळा आपल्याकडे ओढायचा, मूठभर झाली की मागे आडवी ठेवायची. भावजय पोटरीपर्यंत चिखलात उभी राहून एका लयीत हे करत होती आणि त्याच वेळी बांधावर झोपवलेल्या बाळाकडेही तिचं लक्ष होतं. पसरलेलं भात दोन दिवस उन्हात वाळतं, मग भारे बांधून खळ्यावर जातं. खळं काकांनी आठवड्यापूर्वी केलं होतं. जमीन ठोकून, सारवून, मधे एक खांब.

दहाच्या सुमाराला सगळे बांधावर बसले. नाचणीची भाकरी, सुक्या बोंबलाची चटणी, चवळीच्या शेंगा आणि मडक्यातली आंबील. खाता खाता काका मला शेताचं वर्ष सांगत होते. सुरुवात राबापासून. पावसाआधी ऐनाच्या तोडलेल्या फांद्या, पालापाचोळा, शेण, गवत असे थर एका तुकड्यावर पसरायचे, वरून माती टाकायची आणि सगळं हळूहळू जळू द्यायचं. तण आणि किडीची अंडी जळतात, राख खताला होते. पाऊस पडला की तिथेच रोप टाकायचं. पुढे आषाढात आवणी, म्हणजे रोपांची लावणी. "ऐनाची फांदी तोडतो, झाड नाही तोडत," काका म्हणाले. हे त्यांनी दोनदा सांगितलं. वनखात्याशी राबासाठी फांद्या तोडण्यावरून इथल्या माणसांच्या कितीतरी पिढ्या भांडल्या आहेत, त्यामुळे ते वाक्य त्यांना पाठच झालेलं असावं.

खाचराच्या कडेला बांबूचा निमुळता सापळा पाण्यात लावून ठेवला होता. वरच्या खाचरातून खालच्या खाचरात पाणी उतरतं तिथे. त्यात बोटभर लांबीचे मासे आणि दोन खेकडे सापडले. मैत्रिणीच्या भाचीने, वय असेल दहा-अकरा, ते एका हाताने उचलून पानात गुंडाळले. बांधावर मुंग्यांची एक लांब ओळ चालली होती, प्रत्येकीच्या तोंडात भाताचं टरफल. भाची खाली बसली, थोडा वेळ नुसती बघत राहिली आणि मग ओल्या मातीत बोटाने ती ओळ काढायला लागली. ठिपका, ठिपका, दोन रेषा, ठिपका. मुंग्यांच्या वळणाबरोबर तिची ओळही वळली.

वारली चित्रांतल्या मुंग्या, उंदीर, खेकडे, सापळे मी आजवर नक्षीचा भाग समजून पाहत आले होते. बहुतेक शहरी माणसांचं असंच होतं. त्या बांधावर बसलं की कळतं की तिथे चित्रात घालण्यासाठी काहीही शोधून आणलेलं नाही. उंदीर चित्रात आहे कारण तो कणगीतलं भात खातो. खेकडा आहे कारण तो कालवणात असतो.

दुपारनंतर ऊन चढलं. कंबर धरली म्हणून मी सावलीत गेले, ताडाच्या बुंध्याशी. मावशीचा हात मात्र संध्याकाळपर्यंत थांबला नाही. घरी आल्यावर तिने स्वयंपाक केला, भांडी घासली, आणि रात्री कणगीपाशी दिवा लावून हात जोडले. कणसरीला. धान्याची देवी. भात घरात आलं की कणसरीची पूजा होते, भगत घांगळी वाजवत रात्रभर तिची कथा गातो. घांगळी म्हणजे दोन भोपळे लावलेलं तंतुवाद्य. ती पूजा अजून पुढे आहे, पण मावशी दिवा आतापासूनच लावते.

शुक्रवार

वाघबारस. शहरात आज वसुबारस, गायवासराची पूजा. इथे आज वाघाची.

सकाळी भावजय आणि मैत्रीण सावेले करायला बसल्या. मोठी पिकलेली काकडी किसायची, त्यात तांदळाचं पीठ आणि गूळ घालायचा, पानांत गुंडाळून वाफवायचं. पीठ नव्या भाताचं हवं, म्हणून मावशीने पहिल्या कापणीचं थोडं भात आधीच उखळात कांडून ठेवलं होतं. करांदे उकडले, कोनफळ उकडलं. करांद्याची कडवट चव जिभेवर बराच वेळ राहते. भाचीला तेच सगळ्यांत आवडतं.

दुपारनंतर सगळे वेशीकडे निघाले. वाघोबाचं ठाणं एका जुन्या झाडाखाली आहे. लाकडाची उभी फळी, तिच्यावर कोरलेला वाघ, वर सूर्य आणि चंद्र, सगळ्यावर शेंदराचे थर इतके की कोरीव काम बोटाने चाचपूनच कळावं. देवळाला छप्पर नाही. पूजा पुरुषांनी आणि गुराखी पोरांनी केली. नारळ, कोंबडा, नवं भात. आम्ही बायका जरा मागे उभ्या होतो. भगत देवाशी बोलतो तसं बोलत होता, आर्जव नाही, व्यवहाराचा सूर. आमची गुरं सांभाळ, आमची माणसं सांभाळ, तुझं तुला दिलं आहे.

काकांनी परतताना वाघोबाची गोष्ट सांगितली. एका कुमारी मुलीला मूल झालं. ते मूल इतर पोरांबरोबर रानात जायचं आणि तिथे वाघ होऊन गुरं मारायचं. गावाने आईकडे तक्रार केली. आईने मुलाला सांगितलं, तू आता रानात राहा. मुलगा म्हणाला, राहतो, पण मला खायला काय? तेव्हा ठरलं की प्रत्येक गावाने त्याला वेशीवर जागा द्यायची आणि वर्षातून एकदा जेवण द्यायचं. "तेव्हापासून देतो," काका म्हणाले.

ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. तिच्यात वाघाला मारून टाकण्याचा विचारच नाही. तो आपल्यातलाच, आपल्या एका बाईच्या पोटचा, त्याला भूक लागते, तेव्हा त्याच्याशी करार करायचा. इथे आता वाघ उरला नाही, बिबट्या आहे. गेल्या पावसाळ्यात त्याने पाड्यावरचा एक कुत्रा नेला. त्याबद्दल बोलताना कुणाच्या आवाजात घबराट नव्हती. काळजी होती, ती वेगळी. लहान पोरांना अंधार पडल्यावर एकटं सोडत नाहीत, कोंबड्या आत घेतात.

रात्री तारपा. द्वादशीची अंधारी रात्र, चंद्र पहाटेशिवाय उगवणार नव्हता. मधल्या मोकळ्या जागेत एक बल्ब लावलेला होता, तोही पोरांनी थोड्या वेळाने काढून टाकला. तारपकरी साठीचा असावा. तारपा त्याच्या उंचीएवढा. वर वाळवलेला दुधी भोपळा, त्यात फुंकायचं, खाली बांबूच्या दोन नळ्या, त्यांना भोकं, आणि टोकाला ताडाच्या पानांचा कर्णा. सांधे मधमाशांच्या मेणाने बुजवलेले. वाजवायला लागला की श्वास थांबलेला ऐकूच येत नाही. नाकाने हवा आत, गालांतली हवा बाहेर, आणि सूर अखंड.

नाचणारे एकमेकांच्या कमरेला हात घालून एका ओळीत उभे राहिले. पुढच्याच्या हातात घुंगरांची काठी. ती जमिनीवर आपटली की ओळ पावलं बदलते, पुन्हा आपटली की उकिडवी बसते आणि उठते. ओळ तारपकऱ्याभोवती वळत राहते, तो त्यांना आणि ते त्याला तोंड करून, तारप्याला पाठ कुणी दाखवत नाही. बाहेरच्या बाजूने पाहिलं तर ओळीचा वळसा घट्ट होतो, सैल होतो, पुन्हा घट्ट होतो. पुस्तकाच्या मुखपृष्ठांवर, चहाच्या कपांवर, मेट्रोच्या भिंतींवर छापलेलं ते सुप्रसिद्ध वर्तुळ हेच. छापलेल्यात धूळ नसते, घामाचा वास नसतो, आणि ओळीच्या शेवटी धडपडत पाय जुळवणारं सहा वर्षांचं पोर नसतं.

मला मैत्रिणीने ओढलं. पावलं सोपी वाटतात, सोपी नाहीत. पण कमरेवर दोन्हीकडून घट्ट धरलेलं असतं, त्यामुळे चुकलं तरी ओळ नेते. भात दाण्यावर आलं की तारपा सुरू होतो आणि कापणीनंतर बाजूला ठेवतात, असं काकांनी सांगितलं. आवणीच्या दिवसांत कुणी वाजवत नाही.

शनिवार

आज शेताला सुट्टी मिळाली, कारण सगळे पहाटेपर्यंत नाचले होते. मावशी मात्र पाचला उठलेली. मी उठले तेव्हा तिने विचारलं, "चौक बघायचा होता ना तुला? चल."

शेजारच्या घरात गेल्या वैशाखात लग्न झालं. लग्नाचा चौक आतल्या खोलीच्या भिंतीवर अजून आहे, चुलीच्या धुराने थोडा काळवंडलेला. गेरू फासलेली भिंत, तांदळाच्या पिठाची पांढरी रेषा. मोठा चौकोन, त्याच्या चारही कडांना पट्ट्यांवर पट्ट्या, कुठे साखळी, कुठे त्रिकोणांच्या रांगा, कुठे नुसत्या तिरक्या रेघा. मधे पालघाट देवी, हात-पाय पसरून उभी. शेजारी लहान देवचौकात घोड्यावरचा पाच डोक्यांचा पंचशिर्‍या. बाहेर सूर्य, चंद्र, फणी, शिडी, ताडावर चढणारा माणूस, वाजंत्री. हळदीकुंकवाची बोटं अजून ओळखू येत होती.

त्या घरातली आजी धवलेरी आहे. लग्न लावणारी तीच, ब्राह्मण नाही की कुणी पुरुष नाही. सवाशिणी चौक लिहितात तेव्हा धवलेरी गाणी म्हणते, आणि काय कधी लिहायचं याची आठवण गाण्यातच असते. पालघाट भिंतीवर आल्याशिवाय लग्न लागत नाही. काही जोडपी आधी संसार मांडतात, मुलंही होतात, आणि पैसे जमले की मग लग्न करतात. म्हणून एखाद्या चौकापुढे बसलेल्या नवरीच्या मांडीवर तिचं मूल असतं. आजीने हे अगदी सहज सांगितलं. भात बरं आलं तर लग्न होतं, नाही आलं तर पुढच्या वर्षी.

मी विचारलं, हा चौक कुणी लिहिला? आजीने चार-पाच बायकांची नावं घेतली. त्यांतलं एक नाव मावशीचं होतं. ती दारातच उभी होती. तीन दिवस मी तिच्या घरी जेवत होते आणि तिने हे सांगितलं नव्हतं.

इथून थोड्याच अंतरावर कळंबीपाडा आहे, वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांचा पाडा. दुपारी मैत्रीण मला तिकडे घेऊन गेली. रस्ता साधा, घरं साधी. 1934 चा जन्म, लहानपणी आई गेली तेव्हा त्यांनी बोलणं टाकलं आणि मातीत चित्रं काढून सांगायला लागले, असं इथे सगळे सांगतात. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला हस्तकला मंडळाच्या वतीने भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार या भागात आले. त्यांनी कागद दिला, रंग दिला. जिव्यांनी लग्नाच्या भिंतीवरची भाषा घेतली आणि तिच्यात रोजचं जगणं आणलं. 1976 मध्ये राष्ट्रीय पुरस्कार, 1989 मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्रातलं प्रदर्शन, 2011 मध्ये पद्मश्री. मे 2018 मध्ये ते गेले. त्यांचं मासेमारीच्या जाळ्याचं चित्र मी मूळ पाहिलेलं नाही, छापलेलं पाहिलं आहे, आणि तेवढ्यावरूनही सांगते की हजारो बारीक रेषांतून एक अख्खं जाळं हलतं ठेवणारा हा माणूस फार मोठा कलावंत होता.

पण कळंबीपाड्यावरून परतताना माझ्या मनात दुसरीच गोष्ट घोळत होती. हेच भास्कर कुलकर्णी 1960 च्या दशकात, बिहारमधल्या दुष्काळात, मधुबनीला गेले होते. तिथेही भिंतीवरची चित्रं बायकांचीच होती. तिथे कागद बायकांनी घेतला, आणि सीतादेवी, गंगादेवी अशी नावं देशाला माहीत झाली. इथे कागद पुरुषांच्या हातात गेला. शतकानुशतकं चौक लिहिणाऱ्या सवाशिणी भिंतीपाशीच राहिल्या. जिव्यांचं मोठेपण याने तसूभर कमी होत नाही. पण वारली चित्रकलेवर जेव्हा जेव्हा लिहिलं जातं, तेव्हा "पूर्वी बायका लग्नात काढत" एवढं एक वाक्य येतं आणि लेख पुढे जातो, याचं मला वाईट वाटतं. पूर्वी नाही, गेल्या वैशाखातही त्यांनीच काढला.

संध्याकाळी मी हे मावशीला विचारलं. कागदावर का नाही काढत? ती भात पाखडत होती. म्हणाली, "कागद लग्नात लागत नाही." थोड्या वेळाने म्हणाली, "पोरी काढतात आता."

आणि खरंच काढतात. भावजय कापडावर चित्रं करते. आधी कापडाला शेण आणि गेरूचा हात, मग बांबूची काडी. काडीचं टोक ती दाताने चावून कुंचल्यासारखं मऊ करते. भिंतीसाठी तांदळाचं पीठ आणि डिंक, विकायच्या चित्रांना मात्र बाजारातला पांढरा रंग, कारण पीठ कालांतराने झडतं. त्रिकोण दोन, टोकाला टोक जुळलेले, की माणूस उभा राहतो. वरच्या त्रिकोणाचा कल किती ठेवायचा यावर तो माणूस चालतो, नाचतो की ओझं उचलतो हे ठरतं. भावजयच्या चित्रातल्या बाईच्या पाठीचा कल पाहून मी लगेच ओळखलं, कापणी. शेजारी बांधावर एक लहानसं गाठोडं. तिचं बाळ.

तिच्याकडे एक व्यापारी येतो. चौकोनी कापडाचे दर त्याने ठरवलेले आहेत आणि चित्रावर नाव घालू नको असं तो सांगतो. दिवसाची मजुरी धरली तर त्यात फार काही उरत नाही. वारली चित्रांना भौगोलिक मानांकन आहे, त्याचा उपयोग नक्कल करणाऱ्यांना अडवायला व्हावा. कापणी करून, बाळाला पाजून, रात्री दिव्याखाली काडी धरणाऱ्या बाईपर्यंत तो अजून पोचलेला मला दिसला नाही. शहरात वारली चित्र घेताना कुणी काढलं हे विचारायला पैसे पडत नाहीत. एवढं तरी आपण करावं.

रविवार

सकाळी वाळलेले भारे खळ्यावर आले. झोडणीचा आवाज पाड्यावर सगळीकडून येत होता. मी भावजयकडून दोन चित्रं घेतली, कापणीचं आणि तारप्याचं. किंमत तिने सांगितली ती दिली. नाव घाल म्हटल्यावर ती मैत्रिणीकडे बघून हसली, मग पुढच्या बाजूला, उजव्या कोपऱ्यात, देवनागरीत पूर्ण नाव घातलं. त्याच्या शेजारी पाड्याचंही.

दुपारची गाडी पकडायची होती. मावशीने करांदे आणि दोन सावेले बांधून दिले. धाकट्या पोराचं लग्न काढायचं आहे, ती म्हणाली, कणगी भरली तर फाल्गुनात.

"तेव्हा ये," ती म्हणाली. "चौक लिहिताना बसशील. चार दिवस आधी ये पण, भिंत सारवायला माणसं लागतात."